सांधे सुजले की ग्लोव्हचं माप बदलतं

चाळिशीत 'मीडियम लार्ज' बसायचा, म्हणून सत्तरीतही दुकानात जाऊन "एक मीडियम लार्ज द्या" म्हणायचं, ही बहुतेक ज्येष्ठ गोल्फरांची सवय. बोटांची लांबी तीस वर्षांत बदलत नाही हे खरं. जाडी मात्र बदलते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. सांध्यांची झीज सुरू झाली की नखाजवळच्या आणि मधल्या सांध्यावर हाडाच्या गाठी येतात, आणि दोन सांध्यांमधलं मांस उलट कमी होतं. बोट उसासारखं दिसायला लागतं, गाठीशी जाड, मधे बारीक. लग्नातली अंगठी काढायला ज्यांना साबण लागतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंगठी बोटाच्या मुळाशी सैल फिरते आणि सांध्यावर अडते. ग्लोव्हचंही तेच होतं.

मग माणूस दोनपैकी एक चूक करतो. सांधे दुखतात म्हणून एक साईझ मोठा घेतो, किंवा जुनाच साईझ ओढूनताणून चढवतो. दुसरी चूक लगेच कळते, कारण दुखतं. पहिली चूक कळत नाही आणि म्हणून ती जास्त महाग पडते. मोठा ग्लोव्ह तळव्यात सरकतो. तळव्यात काही सरकतंय म्हटल्यावर हात नकळत मूठ आवळतो, आणि आवळलेली मूठ ही दुखऱ्या सांध्याची सगळ्यात मोठी शत्रू. अठरा होलच्या (खड्ड्यांच्या) एका राऊंडमध्ये सरावाचे स्विंग धरून शंभर-दीडशे वेळा मूठ आवळायची आणि संध्याकाळी बोटं ठणकतात म्हणून खेळाला दोष द्यायचा!

ग्लोव्हचं काम मूठ घट्ट करणं नाही, मूठ सैल ठेवू देणं आहे. कातडं तळव्याला चिकटलं आणि ग्रिपलाही (क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, दांड्यावरच्या रबरी आवरणालाही) धरून राहिलं, तर बोटांना जोर लावावा लागत नाही. म्हणून वय झाल्यावर ग्लोव्ह निवडायचा तो तळव्यात घट्ट, सांध्यांवर सैल आणि मनगटाला मोकळा. एकाच ग्लोव्हकडून तिन्ही गोष्टी मागायच्या असतात, म्हणूनच पाकिटावरचं एक अक्षर पुरत नाही.

आधी माप, तेही दोनदा

शिंप्याची टेप घ्या. अंगठा सोडून, चार बोटं तळव्याला जिथे जोडली जातात त्या मुठीच्या सांध्यांभोवती टेप फिरवा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. हा झाला घेर. दुसरं माप मधल्या बोटाचं. तळव्याच्या बाजूला बोटाच्या मुळाशी जी शेवटची आडवी रेघ असते, तिथपासून टोकापर्यंत. गोल्फचा ग्लोव्ह सहसा एकाच हातात असतो; ज्या हातात घालणार त्याच हाताचं माप घ्यायचं. दोन हातांत फरक असतो, आणि आयुष्यभर उजव्याने लिहिलं-उचललं असेल तर तो बऱ्यापैकी असतो.

तिसरं माप कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात नसतं, पण साठीनंतर तेच कामाचं. सेंटिमीटरभर रुंद कागदाची पट्टी कापा. अनामिकेच्या मधल्या सांध्याभोवती गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेनने खूण करा. मग तीच पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळून दुसरी खूण करा. मधल्या बोटाचं आणि तर्जनीचंही असंच. सांध्याचा घेर मुळापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त भरला, तर पूर्ण चामड्याच्या ग्लोव्हच्या नादी लागू नये, सांध्यांच्या पाठीवर ताणणारं कापड असलेलाच बघावा, असा माझा आडाखा आहे.

माप कधी घ्यायचं, यालाही महत्त्व आहे. संध्याकाळी हात थोडे फुगलेले असतात. उन्हात हात खाली सोडून तासभर चाललं तरी फुगतात, म्हणजे गोल्फ कोर्सवर नेमकं तेच होतं. ज्यांचा आजार सुजेचा आहे, त्यांचे हात मात्र सकाळी उठल्यावर जास्त जड असतात, आणि आपल्याकडे टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) सकाळचाच. तेव्हा एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी मोजा आणि मोठं माप धरा.

आता हे आकडे घेऊन कंपनीचा तक्ता उघडा. त्याच कंपनीचा, कारण एकीचा लार्ज दुसरीच्या मीडियम लार्जच्या जवळ जातो. पुष्कळदा घेराने एक साईझ निघतो आणि बोटाच्या लांबीने त्याहून एक-दोन लहान. समजा घेर 22 सेंटिमीटर आणि मधलं बोट साडेसात. असा रुंद पंजा आणि आखूड बोटं असलेल्यांसाठी 'कॅडेट' नावाचा वेगळा साईझ असतो. नाव ऐकून तो शाळकरी मुलांचा वाटतो, पण तो मोठ्यांचाच. तळवा नेहमीसारखा रुंद, बोटं आखूड. सांधे जाड झाल्यावर रुंदीसाठी एक साईझ वर जावं लागतं आणि बोटांची टोकं रिकामी लोंबतात, ही ज्यांची तक्रार आहे त्यांचं उत्तर बहुतेक वेळा कॅडेटमध्ये असतं. आपल्याकडच्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या दुकानात, तो सहसा मांडून ठेवलेला नसतो, मागावा लागतो.

मुलगा किंवा सून परदेशातून आणणार असेल तर "लार्ज आण" एवढा निरोप पाठवू नका. ए-फोर कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने आखा, बोटं किंचित फाकलेली, पेन्सिल उभी धरलेली. त्यावर तिन्ही मापं लिहा आणि फोटो पाठवा. शिवाय 'डावा हात' असं ठळक लिहा. पाकिटावरचं 'लेफ्ट हँड' हे ग्लोव्ह कुठल्या हातात चढतो त्याबद्दल असतं, खेळणारा डावखुरा आहे का त्याबद्दल नाही. उजव्या हाताने खेळणारा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. दुकानातला नवखा मुलगाही इथे गोंधळतो आणि न्यू जर्सीहून आलेला ग्लोव्ह परत पाठवणं परवडत नाही.

कातडं, कापड आणि दोन्हीची सांगड

महागड्या ग्लोव्हचं कातडं 'कॅब्रेटा' म्हणून ओळखलं जातं. लोकर न येता केस येणाऱ्या मेंढ्यांचं हे कातडं अगदी पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं, आणि तरी चिवट. नवीन ग्लोव्ह दोन बोटांत चोळून बघितला तर किंचित चिकट वाटतो. तो चिकटपणाच मूठ सैल ठेवू देतो. कातडं वापराने ताणतं, हाताचा आकार घेतं. म्हणून नवा असताना जरा आवळ घ्यावा, हा नियम तरुणांसाठी बरोबर आहे. गाठी आलेल्या बोटांना तो अर्धाच लागू. तळव्यात आवळ चालेल, बोटांच्या नळ्यांत नाही. सांध्यावर कातडं ताणेपर्यंत चार-पाच राऊंड जातात आणि तेवढे दिवस सांध्याने का सोसायचं?

सिंथेटिक म्हणजे सूक्ष्म धाग्यांचं कापड आणि वर पॉलियुरेथेनचा थर. ते फारसं ताणत नाही, म्हणून दुकानात जसा बसला तसाच राहतो. जास्त टिकतो, धुता येतो, स्वस्त पडतो. तोटा एवढाच की स्पर्श बोथट होतो आणि उन्हाळ्यात आत घाम साचतो. ज्यांच्या बोटांची संवेदना मधुमेहामुळे आधीच कमी झाली आहे, त्यांनी पूर्ण सिंथेटिक जाड ग्लोव्ह शक्यतो टाळावा. क्लब हातात किती घट्ट धरलाय तेच मग कळत नाही.

ज्येष्ठांसाठी मला सगळ्यात पटतो तो मिश्र प्रकार. तळवा आणि अंगठा कॅब्रेटाचा, पाठीमागे सांध्यांवर आणि बोटांच्या बाजूंना लायक्रासारखं ताणणारं जाळीदार कापड. गाठ आली तिथे कापड ताणतं, तळव्यात कातडं जागचं हलत नाही. दुकानात बघताना सांध्यांवरची ही पट्टी बोटाने ओढून बघा. काही ग्लोव्हमध्ये ती नुसती शोभेची असते, खाली अस्तर शिवलेलं आणि ताण शून्य. शिवाय ती पट्टी तुमच्या सांध्यावरच येते का, की सांध्याच्या खाली, हे मूठ मिटून बघायचं. लांब बोटांच्या माणसाला ती बऱ्याचदा चुकीच्या जागी येते.

शिवणीकडे कोणी बघत नाही. ग्लोव्हच्या आत एक बोट घालून प्रत्येक नळीच्या टोकापर्यंत फिरवा. कुठे टाक्यांची गाठ, दोऱ्याचं टोक, दुमडलेली कड लागते का? तरुण हातावर तिने काही होत नाही. वयाने त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेवढ्या घासण्यानेही जांभळा डाग पडतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात शिवण येत असेल तर तो ग्लोव्ह परत ठेवा. स्विंगच्या वरच्या टोकाला क्लबचा भार बराचसा तिथेच पेलला जातो.

दुकानात पाच मिनिटं

आधी चारही बोटं घाला, दुसऱ्या हाताची बोटं मधल्या बेचक्यांत रुतवून ग्लोव्ह मुळापर्यंत बसवा, मग अंगठा, मग तळव्यावरून मनगटाकडे हात फिरवून सुरकुत्या काढा. मनगटाला धरून वर खेचत बसू नये. त्याने मनगटाशी कातडं फाटतं आणि दुखरा सांधा उगाच पिळतो.

आता वेल्क्रोची पट्टी लावा, पण पंजा ताठ पसरून नाही. मूठ अर्धी मिटून लावा. ताठ हातावर लावलेली पट्टी मूठ मिटल्यावर हाताच्या पाठीवर आवळते, आणि क्लब तर मिटल्या मुठीनेच धरायचा असतो. पट्टी पूर्ण टोकापर्यंत जाऊन बसली तर ग्लोव्ह मोठा आहे, आता थोडा ताणला की आवळायला जागाच उरणार नाही. निम्मीच पोचली तर लहान आहे. साधारण पाऊण भाग बसावा, पाव भाग शिल्लक राहावा.

बोटांच्या टोकाशी चिमटीत किती कातडं येतं ते बघा. तीन-चार मिलिमीटर ठीक. त्याहून जास्त असेल तर ग्रिपभोवती ते दुमडतं आणि दुमड नेमकी नखाजवळच्या गाठीवर दाबते. करंगळी खास बघा, कारण ती सगळ्यात आधी रिकामी राहते, आणि डाव्या हाताची पकड शेवटच्या तीन बोटांवरच असते. तळव्यावर आडवी चिमट घ्या. कातडं उचललं गेलं तर सैल.

आणि मग क्लब मागा. बहुतेक लोक ग्लोव्ह घालून हात हवेत उघडतात, मिटतात आणि पैसे देतात. दोन मिनिटं क्लब धरून उभे राहा, गप्पा मारत. दुकानदाराला घाई असेल तर असू दे. दोन मिनिटांनी ग्लोव्ह काढा आणि हात उजेडात बघा. मनगटावर लाल रेघ? मधल्या सांध्यांवर पांढरे पट्टे? बोटांच्या टोकांना मुंग्या? नुसता दाबाचा ठसा असेल तर लगेच जातो. राऊंडनंतर पंधरा मिनिटांनीही न गेलेला लाल डाग म्हणजे तिथे रोज घासणार आहे. मधुमेह असलेल्यांनी तर हे खेळून आल्यावरही डोळ्यांनी बघायचं, कारण फोड आलेला त्यांना जाणवेलच असं नाही.

काढतानाही बघून घ्या. प्रत्येक बोटाचं टोक थोडं थोडं सैल करत ग्लोव्ह सरळ निघायला हवा. मनगटाकडून सोलून उलटा केल्याशिवाय निघतच नसेल, तर आठव्या होलला घामेजल्या हातावर तो काय छळेल याची कल्पना करा.

दुखणं कुठे आहे त्यावर

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखतं त्यांची गोष्ट वेगळी. बरणीचं झाकण फिरवताना, कुलपात किल्ली फिरवताना कळ येते, ती हीच. अशांनी अंगठ्याची नळी ऐसपैस असलेला ग्लोव्ह बघावा आणि मनगटाची पट्टी त्या सांध्यावरून आवळून जाणारी नसावी. अंगठा ग्रिपवर खाली ताणून न ठेवता थोडा आखूड ओढून घेतला की सांध्यावरचा ताण उतरतो. ही ग्लोव्हची नाही, पकडीची गोष्ट आहे. पण पकड न बदलता ग्लोव्ह बदलत राहण्यात अर्थ नाही.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते त्यांनी, म्हणजे मनगटातली नस दाबली जाते त्यांनी, मनगटावरची पट्टी सगळ्यात सैल ठेवावी आणि प्रत्येक शॉटनंतर उघडावी. सकाळी बोट मिटलं की अडकतं आणि टक्कन उघडतं त्यांना जाड ग्रिपचा फायदा होतो, ग्लोव्हचा फारसा नाही. तळव्यात दोरीसारखी गाठ येऊन अनामिका-करंगळी आत वळू लागली असेल, तर त्या गाठीवर शिवण येणार नाही एवढंच बघा आणि हाताच्या डॉक्टरांना दाखवा.

गादीवाले ग्लोव्ह हा मोहाचा विषय. सायकलवाल्यांचे जेल भरलेले ग्लोव्ह काही जण घालतात, आणि रविवारच्या मैत्रीच्या खेळात कोणी हरकत घेणार नाही. गोल्फ क्लबच्या स्पर्धेत मात्र नियम आडवा येतो. ग्लोव्ह साधा हवा. पकडीच्या पृष्ठभागावर गादी चालत नाही, आणि गादी कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे: शेजारच्या भागापेक्षा 0.025 इंचाहून, म्हणजे 0.635 मिलिमीटरहून जास्त जाड असलेला भाग. बोटं एकमेकांना बांधणारी, क्लबला हात बांधणारी, किंवा सांध्याची हालचाल रोखणारी पट्टीही चालत नाही. गोल्फच्या नियमावलीतला हा नियम 4.3 मोडला तर पहिल्यांदा दोन स्ट्रोकचा, म्हणजे फटक्यांचा, दंड (मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकण्या-हरण्याच्या खेळात, तो होल गमावणं), दुसऱ्यांदा बाद. पण त्याच नियमात वैद्यकीय कारणासाठी सूट आहे. स्पर्धेच्या कमिटीला पटलं की त्या साधनामुळे इतरांवर अन्याय होत नाही, तर परवानगी मिळते. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्पर्धेच्या आधी विचारावं, पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, वाद घालू नये. बायोनिकसारख्या काही कंपन्या जेमतेम जाडीच्या चकत्या बोटांच्या खोलगट भागांत बसवून, सांध्यांच्या जागा मोकळ्या सोडून ग्लोव्ह करतात. कल्पना चांगली आहे, कारण बोट उसासारखं झालंय म्हटल्यावर गाठींमधली खोलगट जागा भरली की दाब सारखा वाटला जातो. तरी घेताना ते मॉडेल नियमात बसतं का हे पाकिटावर बघून घ्या.

दोन्ही हातांत ग्लोव्ह घातले तर? नियमाची काही अडचण नाही. टॉमी गेनी दोन्ही हातांत ग्लोव्ह घालून अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत खेळला आणि 2012 मध्ये तो तिथे जिंकलाही. उलट टोकाला फ्रेड कपल्स, उघड्या हाताने 1992 ची मास्टर्स स्पर्धा जिंकलेला. लुकास ग्लोव्हर आडनाव लावूनसुद्धा ग्लोव्ह घालत नाही आणि 2009 ची यूएस ओपन त्याच्या नावावर आहे. असो. ज्यांच्या उजव्या हाताची त्वचाही पातळ झालीय किंवा तळहात कोरडा पडून क्लब निसटतो, त्यांनी जोडी वापरावी. लाज वाटायचं कारण नाही. फक्त उजव्या हातात पुष्कराज, पोवळं असं काही असेल तर ते काढावं लागेल. खड्याची अंगठी ग्लोव्हखाली ठेवली तर कातडं आतून फाटतं, आणि जड शॉटला शेजारच्या बोटावर वळ उठतो. ज्यांची अंगठी निघतच नाही त्यांनी त्या हातात ग्लोव्ह घालू नये. एकट्या डाव्या हातात ग्लोव्ह घालत असाल तर घड्याळही डाव्या मनगटावरून उजव्यावर न्या, नाहीतर त्याचा पट्टा आणि ग्लोव्हची पट्टी एकाच हाडावर चढतात.

घाम, पाऊस आणि पुण्याची थंडी

मुंबईत एप्रिल-मेमध्ये चेंबूरला किंवा खारघरला खेळायचं तर एका ग्लोव्हने अठरा होल होत नाहीत. चामडं घामाने भिजलं की निसरडं होतं, मूठ आवळली जाते, आणि मग सगळं मुसळ केरात. तीन ग्लोव्ह बॅगेत ठेवा आणि पाच-सहा होलनंतर बदला. काढलेला ग्लोव्ह मागच्या खिशात कोंबू नका. वेल्क्रोने बॅगेच्या कडीला किंवा छत्रीच्या दांड्याला लटकवा, वाऱ्याने दोन-तीन होलमध्ये बऱ्यापैकी सुकतो. पटिंगला (होलजवळ चेंडू हलकेच ढकलताना) ग्लोव्ह काढायची पद्धत हाताला आराम देते आणि ग्लोव्हला हवाही. पण सांधे दुखत असताना अठरा वेळा काढघाल करणं हेच काम होऊन बसतं. तसं असेल तर नुसती पट्टी उघडा, ग्लोव्ह राहू द्या. ग्लोव्ह हातात असताना पटिंग करता येत नाही असं काही नाही.

पावसाळ्यासाठी वेगळा ग्लोव्ह घ्यायचाच. त्याचा तळवा मऊ मखमलीसारख्या सूक्ष्म धाग्यांचा असतो आणि तो ओला झाला की जास्त धरतो, कोरडा असताना कमी. म्हणून पावसाची वाट बघत कोरडा घालू नका. आधी पाण्याच्या बाटलीने ओला करा. हे ग्लोव्ह सहसा जोडीने मिळतात आणि दोन्ही हातांत घालायचे असतात. चामड्याचा ग्लोव्ह जूनमध्ये बॅगेत विसरला तर ऑगस्टमध्ये त्यावर हिरवी बुरशी सापडते.

पुण्यात किंवा नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट त्रास. गार कातडं कडक होतं, गार बोटं ताठ. घरून निघताना पाच मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवा, नीट पुसा, ग्लोव्ह मोटारीत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत त्वचा भेगाळते म्हणून पुष्कळ जण सकाळी हाताला खोबरेल चोळतात. तेल रात्री झोपताना लावा. सकाळचं तेल कातड्यात शिरलं की तो ग्लोव्ह पुन्हा कधीच धरत नाही. सनस्क्रीनचंही तसंच. हाताच्या पाठीला जरूर लावा, तळवे मात्र साबणाने धुऊन कोरडे करूनच ग्लोव्हला हात लावा.

फाटलेला ग्लोव्ह टाकण्याआधी

ग्लोव्ह कुठे झिजला ते बघा. करंगळीखालच्या तळव्याच्या उंचवट्यावर भोक पडलं असेल, आणि ज्येष्ठांचे निम्मे ग्लोव्ह तिथेच जातात, तर क्लबचं ग्रिपकडचं टोक तिथे घासतंय. ग्रिप बोटांच्या मुळाशी न धरता तळव्यात धरली की असं होतं. बोटं पूर्ण मिटत नाहीत म्हणून क्लब तळव्यात सरकवलेला असतो. ग्रिप जाड करून घ्या. स्टँडर्डवरून मिडसाईझ म्हणजे व्यासाला 1/16 इंच, साधारण दीड मिलिमीटर. मिडसाईझ ग्रिप घ्यायची नसेल तर स्टँडर्ड ग्रिप बदलताना खाली मास्किंग टेपचे जास्तीचे वेढे. एका वेढ्याने सुमारे 1/64 इंच जाडी वाढते, म्हणजे चार वेढे घातले की मिडसाईझ. शिवाय क्लब टोकापासून अर्धा इंच खाली धरा, म्हणजे टोक उंचवट्याच्या बाहेर राहील.

अंगठ्याच्या पोटावर भोक असेल तर अंगठा दाबला जातोय, किंवा वरच्या टोकाला क्लब सुटून पुन्हा पकडला जातोय. बोटांच्या टोकाशी कातडं घासून गेलं असेल तर ग्लोव्ह लांब होता. बोटांमधल्या शिवणी उसवल्या असतील तर अरुंद होता. आणि कुठेच भोक नसून तळवा चकचकीत, गुळगुळीत झाला असेल तर तो ग्लोव्ह दिसायला शाबूत पण कामातून गेलेला. हा सगळ्यात फसवा, कारण काटकसरी माणूस तो आणखी सहा महिने वापरतो आणि मूठ आवळत राहतो. ग्रिपही तशाच चकचकीत झाल्या असतील तर कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश; तरी चिकटपणा परत आला नाही तर बदला.

घरी आल्यावर ग्लोव्ह हाताने सपाट करून सावलीत, पंख्याखाली. उन्हात, इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने नको, कातडं पापडासारखं कडक होतं. घामातलं मीठ राहिलं तरीही कडक होतं, म्हणून चामड्याचा ग्लोव्ह सुकण्याआधी ओलसर फडक्याने आतून-बाहेरून टिपून घ्या. बुडवून धुऊ नका. सिंथेटिक मात्र थंड पाण्यात सौम्य साबणाने खुशाल धुवा, पिळू नका. पूर्ण सुकल्यावरच पाकिटात घाला, बोटं सरळ करून. मोटारीच्या डिकीत ठेवू नका. आणि नवा ग्लोव्ह काढला की मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहा. तीन ग्लोव्ह फिरवून वापरताना कुठला जुना ते दुसरं कशावरून कळणार?